उचलीतून घर बाहेर काढायचं असेल तर : ऊसतोडीच्या घरातल्या शिकलेल्या पोरापोरींसाठी

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इकडच्या ज्या घरांतून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की माणसं कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, त्या घरातल्या शिकलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. शिकलेली म्हणजे ग्रॅज्युएटच पाहिजे असं काही नाही, दहावी झालीये, मोबाईलवर फॉर्म भरता येतो, बेरीज वजाबाकी नीट येते, एवढं बास. आजा ऊसतोडीला, बाप ऊसतोडीला, आता भाऊ आणि वहिनी पण, हे कुठंतरी थांबावं असं वाटत असेल तर कुठून सुरुवात करायची ते सांगते. माझे आईबाप पण कोयत्यावरच होते आणि आता मी तालुक्याला बायाबापड्यांचे फॉर्म भरून देते, त्यामुळं दोन्हीकडचं माहितीये. आणि आधीच सांगते, एका वर्षात होत नाही हे. पाच सात वर्षं धरूनच चाला, मधी एखादं आजारपण नाहीतर लग्न निघालं की दोन वर्षं मागं पण जायला होतं.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. लोक म्हणतात ना की फुकटचं रेशन आणि लाडक्या बहिणीचे पैसे खाऊन गरीब माणूस आळशी झाला, ते खोटं आहे. पहाटे चारला थंडीत फडात उतरणाऱ्या बाईला आळशी म्हणायला जीभ कशी रेटते तेच कळत नाही. 1500 रुपयात कुणाचंही घर चालत नाही. आपली घरं अडकलीत ती उचलीत, म्हणजे मुकादमाकडून, मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच घेतलेल्या पैशात, आणि सरकारी पैसा आला तरी तो जातो कुठं तर त्याच खड्ड्यात, म्हणून पिढ्यानपिढ्या काही हलत नाही. योजना घ्याच, सगळ्या घ्या, पण त्यातला रुपया न् रुपया उचल कमी करायला वापरायचा. या लेखात पुढं जे काही आहे ते सगळं याच एका कामासाठी.

पहिलं काम : हिशोब कागदावर आणा

बहुतेक घरांमध्ये आपल्यावर किती बाकी आहे हे फक्त मुकादमाच्या वहीत असतं. बापाला विचारलं तर तो म्हणतो असतील तीस चाळीस हजार. हे चालायचं नाही. एक दोनशे पानी वही घ्या आणि मागच्या सीझनचा हिशोब आईबापाला समोर बसवून लिहून काढा.

नमुना म्हणून एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, धरू. उचल घेतली 1,20,000. दोघं मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडतात. मजुरी 2024 च्या सुरुवातीला 34 टक्क्यांनी वाढली, आता टनाला साडेतीनशेच्या वर बसते, आपण हिशोबाला 360 धरू. म्हणजे दिवसाचे 720, दोघांचे मिळून, एकट्याचे नाही. सीझन 140 दिवस चालला, त्यातले 10 दिवस ताप, पाळी, लेकरू आजारी, गावाकडं मयत, असे खाड्याचे गेले. काम झालं 130 दिवस, कमाई 93,600. आता दुसरी बाजू. उचल 1,20,000, आठवड्याला हजार रुपये खर्ची, म्हणजे सीझनमधला हातखर्च, घेतली ते वीस आठवड्यांचे 20,000, आणि खाड्याचे दिवसाला 500 कापले ते 5,000. झाले 1,45,000. पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, तेव्हा घरी काय आलं? 51,400 बाकी. पाच महिने पाचटात हातपाय कापून घेऊन कर्ज वाढवून माणूस घरी आला. मग पावसाळ्यात खायला नाही, बियाणाला नाही, तोच मुकादम पुन्हा दारात येतो, पुढच्या वर्षीची उचल देतो आणि त्यातून ही बाकी वळती करून घेतो.

तुमचे आकडे वेगळे असतील, कुणाचे बरे, कुणाचे याहून वाईट. पण हे असं एका पानावर आलं की बापाला पण पहिल्यांदा दिसतं की आपण नेमके कुठं बुडतोय. मी हे बऱ्याच घरात बसून केलंय आणि दरवेळी आई आधी बोलते, बाप नंतर.

या सीझनला जाताना वही सोबत द्या. रोज किती गाडी भरली, टोळीत किती कोयते होते, आपल्या वाट्याला किती टन आले, खर्ची कधी किती घेतली, सगळं त्यात. आईबापाला लिहिता येत नसेल तर रोज संध्याकाळी फोन करून तुम्ही लिहा. कारखान्याच्या काट्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, टोळीतल्या एखाद्या पोराकडं साधा स्मार्टफोन असतोच. टोळीतले चार कोयते मिळून वही ठेवत असतील तर मुकादमाला हिशोबात गडबड करणं अवघड जातं. आणि हे भांडणाच्या सुरात करू नका, मुकादम पण बऱ्याचदा आपल्याच भावकीतला नाहीतर शेजारच्या तांड्यावरचा असतो, त्यानं पण कारखान्याकडून नाहीतर वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात आणि एखादा कोयता पळून गेला तर ते त्याच्या बोडक्यावर बसतात. त्याला सरळ सांगा, काका आमची वही आहे, तुमच्याशी ताळा करून घेऊ. कोऱ्या बॉण्डवर नाहीतर कोऱ्या चेकवर सही अंगठा मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी नाही.

उचल कशासाठी घेतो ते तोडा

उचल एकदम बंद करा असं मी कधीच सांगत नाही, ते जमत नाही आणि सांगणाऱ्याला आपल्या घरचं काही माहिती नसतं एवढंच त्यातून कळतं. उचलीचे तुकडे करा. दवाखान्याला किती, लग्नाला किती, पावसाळ्यात खायला किती, बियाणं-खताला किती, सणाला किती. आता एकेक तुकडा बाहेर कुठून भागतो ते बघायचं.

दवाखाना सगळ्यात आधी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबाला 5 लाखांपर्यंत. पण ती ठरलेल्या दवाखान्यांत आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते, म्हणून पेशंट ॲडमिट करायच्या आधी विचारायचं की हा दवाखाना योजनेत आहे का, आणि आत गेल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल शोधायचं. रेशनकार्ड आणि आधार जवळ पाहिजे. आपली माणसं आधी खासगीत जातात, पन्नास हजार भरतात, मग कळतं. घरातल्या सगळ्यांच्या कार्डाचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आणि गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनबद्दल स्पष्ट बोलते. 2019 मध्ये बीडमधला हा प्रकार विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांपैकी 13,000 च्या वर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा पडला की दंड, त्यात एखादा डॉक्टर कॅन्सर होईल म्हणून घाबरवतो, आणि तिशीच्या आतली बाई टेबलावर जाते. ऑपरेशनचे पैसे पण उचलच. त्यानंतर कंबर, हाडं, सांधे धरतात आणि बाईची मोळी उचलायची ताकद जाते, मग तिच्या जागी पोरगी नाहीतर सून कोयत्यावर. आईला, वहिनीला असं कुणी सांगितलं तर आधी सरकारी जिल्हा रुग्णालयात दाखवा. एका खासगी डॉक्टरच्या शब्दावर अजिबात नाही.

पावसाळ्यात खायला, हा दुसरा तुकडा. त्याला रेशन आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागं 35 किलो, आणि 2023 पासून ते फुकट आहे. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सीझनच्या पाच महिन्यांत, कारण माणसं कारखान्यावर आणि कार्ड गावात. आता तसं राहिलं नाही, बारा अंकी कार्ड नंबर आणि अंगठा असेल तर कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, कर्नाटकात पण. दुकानदार नाही म्हणतो बऱ्याचदा, तुमचं कार्ड इथलं नाही म्हणतो, तर त्याला सांगायचं की पोर्टेबिलिटीवर द्या, आणि तरी नाही म्हटला तर तिथल्या पुरवठा निरीक्षकाकडं तक्रार करायची. त्यासाठी निघायच्या आधी सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं पाहिजे. म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत, त्यांचं काम आधी करून घ्या. म्हातारी गावात आणि जोडी कारखान्यावर असेल तर कोण कुठं किती उचलणार ते पण घरात आधीच ठरवा.

बियाणं, सण आणि बारकासारका खर्च यासाठी आईला बचत गटात घाला. उमेदचा, म्हणजे सरकारी अभियानातला बायकांचा, गट गावात असतोच. गटात व्याज महिन्याला एक-दोन टक्के पडतं, सावकाराकडं पाच आणि दहा टक्के. शिवाय गटाचं कर्ज फेडायला कुणाच्या फडात जावं लागत नाही. लाडकी बहीणचे महिन्याचे 1500 आईच्या खात्यात येत असतील तर वर्षाचे 18,000 होतात. ते पैसे आले की काढून आणायची सवय मोडा, पोस्टात नाहीतर गटात ठेवा, आणि पुढच्या वर्षी मुकादमाला सांगा यंदा 1,20,000 नको, एक लाख द्या. हा एवढा एक बदल बोलायला छोटा वाटतो पण घरातलं वातावरण बदलतो. योजना उद्या बंद पडली, नाव कटलं, निकष बदलले तरी कमी झालेली उचल कमीच राहते, म्हणून मी तो पैसा घरखर्चात धरू नका म्हणते.

रोजगार हमीबद्दल. ही योजना आपल्याच राज्यात 1972 च्या दुष्काळातून उभी राहिली, 1977 ला कायदा झाला, नंतर तीच देशभर गेली. मग लोक ती सोडून ऊसतोडीला का जातात? कारण मुकादम पैसे आधी देतो आणि सरकार नंतर, कधीकधी फारच नंतर. म्हणून सीझनच्या ऐवजी म्हणून नका धरू, एप्रिल ते जून या रिकाम्या महिन्यांसाठी धरा. कामाची मागणी लेखी द्यायची आणि ग्रामपंचायतीकडून तारखेची पोच घ्यायची, तोंडी मागणीला काही किंमत नाही.

कार्ड कटेल या भीतीचं काय करायचं

हा प्रश्न मला रोज येतो. पोराला एमआयडीसीत नोकरी लागतेय, आई म्हणते नको, रेशन बंद होईल. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 44,000 रुपये आहे, शहरात 59,000. संजय गांधी निराधारला तर वर्षाला 21,000. या आकड्यात आज कुठलं घर जगतं हे सरकारनंच सांगावं. त्यामुळं भीती खोटी नाहीये, नियम असाच आहे की माणूस जरा वर आला की हात काढून घ्यायचा.

पण हिशोब करा. पाच माणसांचं 25 किलो धान्य बाजारभावानं महिन्याला साधारण आठशे-हजार रुपयांचं. नोकरी दहा बारा हजारांची असेल तर धान्यासाठी ती सोडणं परवडत नाही. खरी अडचण वेगळी असते, नोकरी कंत्राटी असते, सहा महिन्यांत जाईल, आणि एकदा कटलेलं नाव परत लावायला दोन दोन वर्षं चकरा माराव्या लागतात. यावर माझा सल्ला असा की नोकरी घ्या, आणि पहिल्या पगारापासून दोन तीन महिन्यांचा किराणा बाजूला काढायला सुरुवात करा. खोटा उत्पन्न दाखला मात्र काढू नका. तोच दाखला पुढं स्कॉलरशिपला, ॲडमिशनला, नॉन क्रिमीलेयरला जोडला जातो आणि नेमका तिथं अडकवतो.

लेकरू सीझनमध्ये गावात ठेवायचंच

यात तडजोड नको. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष, आणि कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, राहिलेलं पोरगं परत आलं की वर्गात मागं पडतं, दोन तीन वर्षं असं झालं की शाळाच नकोशी होते. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर होतं, पण त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या पालकांची यादी लागते. ती यादी दिवाळीच्या आधी व्हायला पाहिजे, म्हणून सप्टेंबरमध्येच हेडमास्तरांकडं जा, आणि शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीवरचा एक तरी माणूस बसवा. मोठ्या लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, 2021 ला अशी 82 मंजूर झाली, 41 तालुक्यांत, मुलांची आणि मुलींची वेगळी. जवळचं कुठं चालू आहे ते समाजकल्याणच्या ऑफिसात विचारा. त्यासाठी आणि बाकी लाभासाठी आईबापाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतं, ते ग्रामसेवक देतो. लेकराला सोबत न्यावंच लागलं तर निघताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात.

पोरींचं जास्त अवघड. चौदा पंधरा वर्षांची पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा प्रश्न खरा आहे, आणि त्यावर घराघरात एकच उत्तर निघतं, लग्न. शिवाय जोडी झाली की नवा कोयता झाला, नवीन उचल मिळते. पोरीचं लग्न टळलं तर त्या घरातली पुढची पिढी बदलते, एवढं मोठं काम दुसरं कुठलं नाही. वसतिगृह, मामाचं गाव, मावशी, काहीही करा पण दहावी बारावी होऊ द्या. घरातलं कुणी ऐकत नसेल तर 1098 या लेकरांच्या मदतीच्या नंबरवर फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही.

हुशार लेकरू असेल तर दोन परीक्षा चुकवू नका. पाचवीत नवोदयची, बीडवाल्यांसाठी नवोदय गढीला आहे, सहावी ते बारावी राहणं-खाणं-शिक्षण सगळं फुकट. आणि आठवीत एनएमएमएसची, ही स्कॉलरशिपची परीक्षा, पास होऊन यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 थेट खात्यात, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. शाळेत मास्तर फॉर्म भरतील या भरवशावर राहू नका, जाऊन विचारा.

कागद : इथंच सगळ्यात जास्त पोरं अडतात

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. एससीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त जाती भटक्या जमातीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आता ज्या घरात आजा शाळेतच गेला नाही त्या घरानं 1961 चा शाळेचा दाखला आणायचा कुठून? म्हणून फक्त आपल्या आज्याचा शोधू नका. आज्याचा भाऊ, चुलत आजा, पणजोबाच्या भावाची लेकरं, वडिलांकडच्या वंशावळीतला कुणीही चालतो. ज्या गावात पहिली शाळा होती तिथं जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा, जुनी रजिस्टरं कपाटाच्या तळाशी असतात आणि त्यात आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात, तीपण तेव्हा म्हणायचे तशी, बंजारा घरांची लमाण म्हणून लिहिलेली. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि मराठवाड्यातलं 1954 चं खासरा पत्रक पण मागा. काही नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत असतात, त्या वाचणारा माणूस तालुक्याला सापडतो. म्हाताऱ्यांना विचारून वंशावळ आजच लिहून काढा, ती माणसं गेली की दुवा तुटतो.

दाखला झाला की थांबू नका, अकरावी-बारावीतच जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत टाका. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगला नंबर लागला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, नाही म्हणून सीट गेली, असं दरवर्षी जूनमध्ये रडत येणारं पोरगं असतंच. मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या गटात, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. पण कागद नसेल तर त्यातलं काहीच मिळत नाही.

पहिला पगार

कोर्स निवडताना लवकर कमावता येईल असा निवडा. आयटीआय, नर्सिंग, लॅब टेक्निशियन, पोलीस भरती. एमपीएससीला माझा विरोध नाही, पण पुण्यात रूम घेऊन सहा सहा वर्षं काढलेली आपली पोरं मी बघतीये आणि त्या रूमचं भाडं आईच्या कोयत्यातून जातं. दोन प्रयत्न, तेपण काहीतरी काम करत, त्यापुढं नाही, असं घरात आधीच बोलून घ्या.

पगार सुरू झाला की सगळ्यांचे हात पुढं येतात. चुलत्याची अडचण, भावाची बुलेट, बहिणीच्या लग्नात गावाला दाखवायचं. प्रत्येकाला नाही म्हणता येत नाही, त्यांनीच तुमच्या शिक्षणाला कधीतरी पाचशे दिलेले असतात. पण क्रम ठरवा. आधी मुकादमाची जुनी बाकी पूर्ण फेडा आणि वहीवर दोन साक्षीदारांसमोर मिटल्याची सही घ्या. मग आईचा कोयता थांबवा. बापाला एकट्याला अर्धा कोयता म्हणून घेतात, पैसे कमी येतात, पण आई घरी असली की धाकटी लेकरं शाळेत राहतात आणि दोन शेळ्या सांभाळल्या जातात. लग्न सामुदायिक करा, भावकीत बोलणी खावी लागतील, खा.

ज्या वर्षी कुणीच जाणार नाही ते वर्ष सगळ्यात अवघड. नोव्हेंबर ते मार्च गाव रिकामं असतं, मजुरी नसते आणि दुकानदार उधार देत नाही, कारण त्याला पण माहिती असतं की उचल आली नाही. म्हणून पाच महिन्यांचा घरखर्च आधी साठलेला पाहिजे, तोपर्यंत अर्धा कोयता चालू द्या. त्या वर्षी मुकादम जुनी बाकी आहे म्हणून माणूस न्यायला आला, दमदाटी केली, गाडी नाहीतर जनावर ओढून न्यायची भाषा केली, तर 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं कर्जापोटी जबरदस्तीनं कामाला नेता येत नाही हे त्याला तिथंच सांगा. पोलीस ठाण्यात आणि तहसीलदाराकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं वकील फुकट मिळतो. जाताना ती दोनशे पानी वही सोबत न्या.